टेकचा अनुभव नसताना मिळालेली नर्सिंगची पहिली नोकरी

अमेरिकेत नर्सिंग शिकणारे बरेच विद्यार्थी शिक्षण चालू असतानाच रुग्णालयात पेशंट केअर टेक्निशियन म्हणून काम करतात. सगळे त्यांना नुसते ‘टेक’ म्हणतात. काही रुग्णालयांत हेच पद पेशंट केअर असिस्टंट किंवा नर्सिंग असिस्टंट या नावाने असते. रुग्णाला अंघोळ घालणे, त्याची कूस बदलणे, त्याला शौचास नेणे, रक्तदाब आणि तापमान घेणे, बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासणे, प्यायलेल्या पाण्याची आणि झालेल्या लघवीची नोंद ठेवणे ही टेकची कामे. असा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याच्याजवळ वर्ष-दोन वर्षांचा अनुभव तर असतोच, शिवाय त्याला नावाने ओळखणारी एखादी नर्स मॅनेजरही असते. मी डिसेंबर २०२३ मध्ये डॅलसजवळच्या एका विद्यापीठातून नर्सिंगची पदवी घेतली तेव्हा माझ्याजवळ यांतले काहीच नव्हते. तरीही मला रुग्णालयात नोकरी मिळाली. ती कशी मिळाली हे मी सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्यासारख्याच परिस्थितीतल्या अनेक मराठी स्त्रिया इर्व्हिंग, प्लेनो, फ्रिस्को या भागांत आहेत आणि त्यांच्यापैकी कित्येक जणी याच एका धास्तीने नर्सिंगचा विचार सोडून देतात.

टेकचे काम मला करता आले नाही याचे कारण व्हिसा हे होते. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर इथे आले. या व्हिसावर शिक्षण घेता येते, पण पगारी काम करता येत नाही. मे २०१५ पासून काही एच-४ धारकांना, मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला आहे अशांना, कामाचा परवाना मागता येतो. माझा परवाना अभ्यासक्रमाच्या अगदी शेवटच्या सत्रात हाती आला. त्यातच माझा अभ्यासक्रम दुसऱ्या पदवीचा, म्हणजे आधी एक पदवी असलेल्यांसाठीचा, सुट्ट्या जवळजवळ नसलेला आणि वर्ष-सव्वा वर्षात संपणारा होता. माझी पहिली पदवी सूक्ष्मजीवशास्त्राची आहे आणि लग्नापूर्वी मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते. या जुन्या अनुभवाचा पुढे मला वाटले त्याहून अधिक उपयोग झाला. त्याविषयी नंतर लिहीन.

नवीन नर्सला रुग्णालयात शिरण्याचा मुख्य मार्ग म्हणजे रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयाने नव्या नर्सना नोकरीवर घेऊन दिलेले प्रशिक्षण. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० च्या अहवालात अशा कार्यक्रमांची शिफारस केली होती, आणि रुग्णालयांना सेवा देणारी विझियंट ही कंपनी व नर्सिंग महाविद्यालयांची राष्ट्रीय संघटना यांचा २००२ मध्ये सुरू झालेला वर्षभराचा रेसिडेन्सी कार्यक्रम आज अनेक रुग्णालयांत चालतो. वर्षातून दोन-तीन वेळा अर्जांची खिडकी उघडते आणि ती थोड्याच दिवसांत बंद होते. महत्त्वाची गोष्ट अशी की ही खिडकी पदवीच्या नंतर नव्हे, तर बहुधा पदवीच्या चार-पाच महिने आधी उघडते. डिसेंबरमध्ये पदवी घेणाऱ्याने उन्हाळ्याच्या अखेरीसच रेझ्युमे, प्राध्यापकांची शिफारसपत्रे आणि गुणपत्रिका तयार ठेवाव्या लागतात. नर्सिंगची परवाना परीक्षा उत्तीर्ण होण्याच्या अटीवर नोकरी आधीच दिली जाते. टेक्सासमध्ये पदवी आणि परीक्षा यांच्या मधल्या काळासाठी ‘ग्रॅज्युएट नर्स’ म्हणून देखरेखीखाली काम करण्याचा तात्पुरता परवानाही मिळतो.

जाहिराती मी अनेक संध्याकाळी बसून बारकाईने वाचल्या. त्यांत ‘आवश्यक’ आणि ‘प्राधान्य’ असे दोन वेगळे रकाने असतात. आवश्यक या रकान्यात बहुतेक ठिकाणी नर्सिंगची पदवी, ठरावीक महिन्यांच्या आतला पदवीचा दिनांक, अमेरिकन हार्ट असोसिएशनचे बीएलएस, म्हणजे प्राथमिक जीवरक्षक उपचारांचे, प्रमाणपत्र आणि रुजू होण्याआधी नर्सिंगचा परवाना एवढेच असते. टेकचा अनुभव प्राधान्याच्या रकान्यात असतो. कागदावर हा फरक मोठा वाटतो, पण अतिदक्षता, आपत्कालीन आणि प्रसूती या विभागांत एकेका जागेला इतके अर्ज येतात की तिथे प्राधान्य हीच प्रत्यक्षात अट होऊन बसते. माझे पहिले अर्ज अतिदक्षता विभागासाठी होते आणि त्यांना संगणकाने पाठवलेली साचेबंद नकारपत्रे आली. त्याच विभागांत टेक म्हणून काम केलेल्या माझ्या दोन वर्गमैत्रिणींना तिथेच जागा मिळाली. मला त्यात अन्याय वाटला नाही. त्या विभागाने त्यांना रात्रीबेरात्री काम करताना पाहिले होते, आणि मला कोणीच पाहिले नव्हते.

या शेवटच्या वाक्यानेच माझ्या शोधाची दिशा बदलली. शेवटच्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला एका अनुभवी नर्सबरोबर पूर्ण शिफ्ट करायला मिळतात. त्याला इथे कॅपस्टोन म्हणतात आणि त्या नर्सला प्रिसेप्टर. माझी कॅपस्टोन एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या मेड-सर्ज विभागात, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या आणि सर्वसाधारण आजारांच्या प्रौढ रुग्णांच्या विभागात होती. माझ्या प्रिसेप्टर केरळहून आलेल्या होत्या आणि नव्या नर्सच्या मुलाखतींच्या मंडळावर त्या अनेकदा बसत असत. मी त्यांना सरळ विचारले की टेकचा अनुभव पाहताना तुम्ही नेमके काय शोधता. त्या म्हणाल्या की अंगावर उलटी झाली तरी ही मुलगी खोलीतून बाहेर पळणार नाही, बारा तासांच्या शिफ्टमध्ये दहाव्या तासालाही तिचे लक्ष ठिकाणावर असेल, आणि टेकशी ती माणसासारखी वागेल, एवढेच आम्हाला पाहायचे असते. अनुभव असला की ते विचारावे लागत नाही, नसला की तिने ते दाखवून द्यावे लागते.

मग कॅपस्टोनच्या प्रत्येक शिफ्टमध्ये मी प्रिसेप्टरच्या परवानगीने काही वेळ विभागातल्या टेकबरोबर काम मागून घेतले. इथे एक सांगायला हवे. महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत अंघोळ, बेडपॅन, कपडे बदलणे ही कामे बहुतेकदा मावशी, मामा किंवा रुग्णाचे नातेवाईक करतात आणि सिस्टरकडे औषधे, सलाइन, इंजेक्शने अशी एक अलिखित विभागणी आपल्या मनात पक्की बसलेली असते. इथे रुग्णाच्या शरीराची पूर्ण जबाबदारी नर्सची असते. टेक तिच्या वतीने काम करतो, आणि टेक दुसऱ्या खोलीत अडकला असेल तर बेडपॅन नर्सच देते. मला या कामाची किळस कधी वाटली नाही, परंतु ते नीट करणे हे कौशल्य आहे याची जाणीव मला तिथे झाली. जाडजूड रुग्णाची चादर तो पलंगावर असतानाच कशी बदलायची, कमरेला गेट बेल्ट, म्हणजे धरून आधार देण्याचा पट्टा, बांधून त्याला खुर्चीत बसवताना आपले गुडघे कुठे असावेत, अंघोळ घालताना एका वेळी शरीराचा एकच भाग उघडा ठेवून बाकीचा झाकलेला कसा ठेवायचा, हे मला वीस वर्षे तेच काम करणाऱ्या एका टेकबाईंनी शिकवले. कोणत्याही प्रयोगशाळेतल्या पुतळ्यावर ते शिकता आले नसते.

रुग्णालयात विनावेतन स्वयंसेवक म्हणूनही मी आधी काही महिने काढले होते. त्या कामात पांघरुणे पोचवणे, घरी निघालेल्या रुग्णाला चाकांच्या खुर्चीतून गाडीपर्यंत नेणे, नातेवाइकांना रस्ता दाखवणे एवढेच करता येते. रुग्णाची शुश्रूषा स्वयंसेवकाला करू देत नाहीत. नोकरीसाठी त्याचा थेट उपयोग फारसा होत नाही असे माझे मत आहे, पण अनोळखी माणसाच्या खोलीत दार ठोठावून शिरण्याचा आणि इंग्रजीत चार शब्द सहज बोलण्याचा संकोच त्यामुळे गेला.

रेझ्युमे मी नव्याने लिहिला. आधीच्या रेझ्युमेत रुग्णालयांची नावे आणि विषयांची यादी होती. ती वाचून कोणालाही माझ्याविषयी काही कळले नसते. नव्यात कॅपस्टोन सगळ्यात वर आणली, एकूण तास, विभागातल्या खाटांची संख्या, एका शिफ्टमध्ये मी स्वतः किती रुग्ण सांभाळले, कोणती कामे देखरेखीखाली आणि कोणती जवळजवळ स्वतंत्रपणे केली, नोंदींसाठी कोणती संगणकप्रणाली वापरली, हे सगळे लिहिले. त्याखाली पुण्याच्या लॅबमधले काम ठेवले. ते लिहिताना मी ‘नमुन्यांची तपासणी’ असे मोघम लिहिले नाही. धोक्याच्या पातळीवरचा अहवाल, उदाहरणार्थ पोटॅशियम ६.८, हाती आला की वॉर्डात फोन करून तो सांगणे, समोरच्याकडून तो पुन्हा वाचून घेणे आणि वेळेसह नोंद करणे ही माझी रोजची जबाबदारी होती, असे लिहिले. रुग्णालयातला तोच फोन आता मी दुसऱ्या टोकाला घेणार होते, आणि तो मिळाल्यावर काय घाईचे आहे हे मला आधीपासून ठाऊक होते.

अर्ज करतानाची पसंतीही बदलली. मेड-सर्ज, टेलिमेट्री (जिथे रुग्णाच्या हृदयाच्या ठोक्यांवर यंत्राने सतत लक्ष ठेवतात) आणि अस्थिरोग हे विभाग, आणि रात्रपाळी चालेल असे स्पष्ट लिहिले. काही जणी मेड-सर्जला कमी लेखतात, हे मला पटत नाही. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, शस्त्रक्रियेची जखम हे सगळे एकाच रुग्णात आणि असे पाच-सहा रुग्ण एकाच रात्री जिथे भेटतात, तिथे नव्या नर्सचा पाया जसा घट्ट होतो तसा दुसरीकडे क्वचितच होत असेल.

मधल्या काळात रुग्णालयाबाहेरच्या नोकऱ्या सहज मिळत होत्या आणि मोह पडण्यासारखा पगारही होता. एका नर्सिंग होमने, म्हणजे इथल्या अर्थाने वृद्धांच्या निवासी शुश्रूषागृहाने, पहिल्याच भेटीत जागा देऊ केली. माझ्याकडे तीसच्या आसपास वृद्ध असणार होते आणि प्रशिक्षण मोजक्या शिफ्टचे. मी नाही म्हटले. वृद्धांची शुश्रूषा दुय्यम आहे म्हणून मुळीच नव्हे. शंका आली तर विचारायला रात्री दुसरी नोंदणीकृत नर्स इमारतीत असेल का, या माझ्या प्रश्नाला तिथे सरळ उत्तर मिळाले नाही म्हणून. पहिल्या वर्षी नव्या नर्सने नोकरी निवडताना हा प्रश्न पगाराच्या आधी विचारावा, असे मला मनापासून वाटते. घरोघरी जाऊन सेवा देण्याच्या नोकऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण तिथे तर आपण पूर्णपणे एकट्या असतो.

ज्या रुग्णालयात कॅपस्टोन झाली तिथल्या रेसिडेन्सीची खिडकी उघडली तेव्हा मी अर्ज केला आणि त्याच दिवशी विभागाच्या मॅनेजरना भेटून तसे सांगितले. प्रिसेप्टरनी त्यांच्याकडे माझ्याविषयी शब्द टाकला होता. आपल्याकडे ‘ओळख लावणे’ याला जो वास येतो तो इथे येत नाही, कारण शिफारस करणाऱ्या व्यक्तीने तुमचे काम स्वतः पाहिलेले असावे लागते. टेक म्हणून काम केलेल्यांना जो फायदा मिळतो तोही शेवटी याच स्वरूपाचा असतो.

मुलाखतीला मॅनेजर, एक चार्ज नर्स (शिफ्टची प्रमुख नर्स) आणि एक टेक असे तिघे होते. टेकला मंडळावर पाहून मला आनंद झाला. पहिल्या काही प्रश्नांतच अपेक्षित प्रश्न आला: शिकताना टेकचे काम का केले नाही. मी एका वाक्यात सांगितले की माझ्या व्हिसावर पगारी काम करण्याची परवानगी नव्हती, आणि लगेच कॅपस्टोनमध्ये काय केले त्याकडे वळले. लांबलचक खुलासा दिला की तो सबबीसारखा ऐकू येतो.

इथल्या मुलाखतीत ‘तुम्ही चांगल्या नर्स का व्हाल’ असे सहसा विचारत नाहीत. ‘एखादा प्रसंग सांगा, जेव्हा…’ अशी सुरुवात करतात, आणि परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती आणि तिचा परिणाम या क्रमाने उत्तराची अपेक्षा असते. स्वतःच्या कामाबद्दल स्वतः बोलू नये अशा घरात वाढलेल्या मला हे अवघड गेले, म्हणून मी सात-आठ प्रसंग आधी मराठीत लिहून काढले, मग इंग्रजीत मोठ्याने म्हणून पाहिले. त्यांतला एक कामी आला. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेले एक आजोबा होते. दाबामुळे होणाऱ्या जखमांचा धोका मोजण्यासाठी इथे ब्रेडन मापन वापरतात. गुण ६ ते २३ या दरम्यान असतात आणि १८ किंवा त्याहून कमी म्हणजे धोका. आजोबांचे गुण १३ होते. टेकबरोबर त्यांची कूस बदलताना माकडहाडाजवळ मला लाली दिसली, बोटाने दाबल्यावरही ती फिकी पडली नाही, म्हणजे जखमेची ती पहिली पायरी होती. मी प्रिसेप्टरना बोलावून दाखवले, मोजमापासह नोंद केली, जखमतज्ज्ञ नर्सला कळवण्यात आले, आणि दर दोन तासांनी कूस बदलण्याची वेळ मी व त्या टेकने मिळून फळ्यावर लिहून ठेवली. हे सांगत असताना मंडळावरच्या टेकने पहिल्यांदा मान डोलावली.

दुसरा महत्त्वाचा प्रश्न असा होता की टेकने येऊन तुम्हाला सांगितले, रुग्णाचा रक्तदाब ८४ वर ५० आहे, तर काय कराल. मी म्हटले की मी आधी स्वतः रुग्णाजवळ जाईन, तो शुद्धीवर आहे का, त्वचा गार आणि घामेजलेली आहे का ते पाहीन, हाताने रक्तदाब पुन्हा घेईन, आधीच्या नोंदी आणि दिलेली औषधे तपासेन, आणि रुग्ण बिघडलेला दिसला तर तातडीच्या पथकाला बोलावेन. टेकला पुन्हा मोजायला पाठवून मी खुर्चीत बसून राहणार नाही. टेक्सास नर्सिंग बोर्डाच्या नियमांत नर्सने परवाना नसलेल्या कर्मचाऱ्याला कोणते काम सोपवावे याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. आकडा मोजणे सोपवता येते, त्या आकड्याचा अर्थ लावणे सोपवता येत नाही. परवान्यासाठी इथे राज्याच्या नर्सिंग कायद्याची एक वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि त्यासाठी केलेला अभ्यास मुलाखतीत असा उपयोगी पडला.

जागा मिळाली. मेड-सर्ज, रात्री सात ते सकाळी सात, आठवड्याला तीन शिफ्ट. करारात दोन वर्षे नोकरी न सोडण्याचे कलम होते आणि आधी सोडल्यास प्रशिक्षणाच्या खर्चापोटी रक्कम परत करावी लागणार होती. असे कलम अनेक रेसिडेन्सींत असते आणि सही करण्यापूर्वी ते शांतपणे वाचून, बदली झाल्यास काय, हे लेखी विचारून घ्यावे. त्यानंतर एनक्लेक्स, म्हणजे नर्सिंगची परवाना परीक्षा. एप्रिल २०२३ पासून तिचे स्वरूप बदलले असून किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, पाच तासांची मुदत आणि एकाच रुग्णाची माहिती टप्प्याटप्प्याने उलगडणारे प्रसंगप्रश्न असे ते आहे. कॅपस्टोन मनापासून केलेल्यांना हे प्रसंगप्रश्न परके वाटत नाहीत.

रुजू झाल्यावर पहिले बारा आठवडे मी प्रिसेप्टरच्या सोबतीने काम केले. टेक राहिलेल्या माझ्या सोबतिणी पहिल्या महिन्यात माझ्यापेक्षा स्पष्टपणे पुढे होत्या. सामान कुठे आहे, रुग्ण पलंगावरून एकट्याने उतरू पाहतो आहे हे अलार्म वाजण्याआधी कसे ओळखायचे, चिडलेल्या नातेवाइकाशी कसे बोलायचे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. पण डॉक्टरांना मध्यरात्री फोन करून तीस सेकंदांत नेमकी माहिती देणे, पाच रुग्णांत आधी कोणाकडे जायचे हे ठरवणे, यांत आम्ही सगळ्या सारख्याच नवख्या होतो. एका सोबतिणीची अडचण तर उलटी होती. इतकी वर्षे स्वतः केलेले काम दुसऱ्याला सांगणे तिला जमेना. ती सगळ्यांची अंघोळ स्वतःच घालायची आणि औषधांना उशीर व्हायचा. माझ्या बाबतीत प्रश्न वयाचा होता. आईच्या वयाच्या टेकला काम सांगताना माझी जीभ अडखळायची. शिफ्टच्या सुरुवातीला दोघींनी मिळून पाच मिनिटे उभ्याने बोलायचे, कोणाला दोघींनी उचलावे लागेल, कोणाची साखर कधी, कोणाला पडण्याचा धोका, आणि त्यातले मी काय करीन हे आधी सांगून मग त्यांना विचारायचे, अशी पद्धत मी ठेवली. ती अजून चालू आहे.

आता महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून मुली फोन करतात आणि विचारतात की आधी टेक व्हावे का. पदवीला दोन सत्रे तरी बाकी असतील आणि कामाचा परवाना असेल, तर मी हो म्हणते. मूलभूत नर्सिंगचे पहिले सत्र पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना अनेक रुग्णालये टेक म्हणून घेतात, आणि महिन्यातून दोन-चार शिफ्टच्या तात्पुरत्या जागाही असतात. नर्सिंगला प्रवेश मिळण्याआधी वेळ असेल तर टेक्सासमधला नर्सिंग असिस्टंटचा अभ्यासक्रम १०० तासांचा आहे, त्यांपैकी ४० तास प्रत्यक्ष कामाचे. परंतु नर्सिंगचा परवाना हाती आल्यावर अनुभवासाठी म्हणून टेकची नोकरी धरू नये. बरीच रुग्णालये परवानाधारक नर्सला त्या पदावर घेतच नाहीत, आणि घेतले तरी पदवीचा दिनांक जुना होत जातो आणि रेसिडेन्सीची मुदत निघून जाते. व्हिसामुळे काम करताच येत नसेल, तर कॅपस्टोन कुठे मिळते याकडे पहिल्या सत्रापासून लक्ष ठेवावे, नव्या नर्स घेणाऱ्या रुग्णालयातच ती मिळावी अशी विनंती महाविद्यालयाकडे लेखी करावी, आणि तिथल्या मॅनेजरना पहिल्याच आठवड्यात स्वतः जाऊन भेटावे.